खर्जाची पेटी मध्येंच कां निजते?

घरांतील एखादें यंत्र कायमचें बिघडलें, तर मनुष्य घटकाभर हळहळतो, दुरुस्तीवाल्याला बोलावतो आणि मोकळा होतो. परंतु जें यंत्र स्वतःच्या लहरीनें बंद पडतें आणि दुरुस्तीवाला दारांत येतांच पुन्हां सुरळीत चालूं लागतें, त्याच्यासारखा छळ दुसरा नाहीं. नाशिकांत गंगापूर रस्त्यावर काय किंवा इंदिरानगरांत काय, ज्या बैठकींत दूरचित्रवाणीच्या जोडीला ‘होम थिएटर’ आलें आहे, तेथें अशी तक्रार निघूं शकते कीं, चित्रपट अर्ध्यावर आला असतां ‘सबवूफर’ आपोआप बंद होतो. मंडळी लगेच निदान करतात, ‘आंतला अ‍ॅम्प्लिफायर गेला!’ आणि धडधाकट पेटी हकनाक दुरुस्तीला जाते. म्हणून श्रोतेहो, आज माझें सांगणें एवढेंच आहे कीं, पेटी बंद पडली हें पाहून भागत नाहीं. ती नेमकी केव्हां बंद पडली हें पाहिलें पाहिजे. रोगाचें निम्में निदान त्या वेळेंतच असतें.

प्रथम ही पेटी करते काय? पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारें ६५ ते ७५ कंपनें करते. त्याच्याही खालीं, वीस-तीस कंपनांपर्यंत उतरणारा मेघगर्जनेसारखा नाद दूरचित्रवाणीच्या अंगच्या चिमुकल्या स्पीकरांना पेलत नाहीं. त्याला मोठा शंकु लागतो आणि तो हलविणारा जबर अ‍ॅम्प्लिफायरहि लागतो. बहुतेक पेट्यांत हीं दोन्ही एकत्र असतात. दादासाहेब फाळके १९४४ सालीं नाशिकांत निवर्तले. त्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ मूकपट, आणि १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकुलता एक बोलपट. आज त्यांच्याच गांवच्या बैठकींतून जमीन हादरविणारा आवाज हवा असतो, हा काळाचा महिमा!

हा अ‍ॅम्प्लिफायर अष्टौप्रहर जागा राहिला तर वीज फुकट जाते. दहाच वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटें होतात. युरोपांत २००८ सालीं झालेल्या नियमानें अशा निजलेल्या यंत्रांच्या विजेवर मर्यादा घातली. २०१० पासून ती साधारणतः एक वॅट व २०१३ पासून अर्धा वॅट झाली. यासाठीं पेटींत एक पहारेकरी बसविलेला असतो. रिसीव्हरकडून येणाऱ्या तारेवर खर्जाचा संदेश येतो कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो. कांहीं मिलिव्होल्टांचा संदेशहि येईना आणि अशीं पंधरा-वीस मिनिटें लोटलीं, कीं तो पेटीला निजवितो.

आतां गंमत पाहा. रात्रीं दहानंतर मुलें निजलेलीं, भिंतीपलीकडे शेजारीहि निजलेले. म्हणून आपण आवाज उतरवितो. चित्रपटांत दोन पात्रें हलक्या आवाजांत बोलत असतात. खर्ज मुळांतच थोडा, आणि तोहि उतरविलेला! पहारेकऱ्याला वाटतें, संच बंद झाला. जुन्या नाट्यगीतांचेंहि असेंच होतें. १९२५ च्या पूर्वीं गायकाला कर्ण्यापुढें उभें राहून गावें लागे. विजेचा मायक्रोफोन तेव्हां आलेला नव्हता. त्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ उतरतच नसे. बालगंधर्वांचीं आरंभींचीं पदें लावून बसलेल्या रसिकाची पेटी निजली, तर तींत पेटीचा दोष नाहीं. खात्री करावयाची असेल तर दिवसा नाशिक ढोलाचें एखादें मुद्रण जरा मोठ्यानें लावावें. ढोलावर पेटी खडबडून जागी होते आणि नाट्यगीतावर पेंगते, असें दिसलें कीं दुरुस्तीवाल्याचे पैसे वांचले म्हणून समजावें.

यावर उपाय घरच्या घरीं होतो. पेटीच्या पाठीवर ‘ऑटो’ व ‘ऑन’ अशी कळ असल्यास ती ‘ऑन’वर ठेवावी आणि निजण्यापूर्वीं भिंतीवरचें बटण बंद करावें. मला स्वतःला हाच मार्ग बरा वाटतो. ज्यांना रोज बटणाची आठवण राहत नाहीं, त्यांनीं रिसीव्हरच्या यादींतील सबवूफरची पातळी चढवावी आणि पेटीवरची ‘गेन’ची खुंटी तितकीच उतरवावी. कानाला फरक जाणवत नाहीं. परंतु बहुतेक पेट्यांत पहारेकरी त्या खुंटीच्या अलीकडे बसलेला असल्यामुळें त्याच्या वांट्याला अधिक संदेश येतो. शिवाय रिसीव्हरमध्यें पुढच्या स्पीकरांची नोंद ‘लार्ज’ अशी झालेली असेल, तर संगीताचा खर्ज त्यांच्याकडेच जातो आणि पेटी उपाशी राहते. ती नोंद ‘स्मॉल’ करून विभागणी ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावी.

याच्या अगदीं उलट जात म्हणजे ऐन गडगडाटांत बंद पडणारी पेटी. येथें पहारेकरी निर्दोष असतो. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या रक्षणासाठीं माघार घेतो. मोठ्या नादाला क्षणभर फार विद्युत्प्रवाह लागतो. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टांचा. पण बारीक तारेच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर इतर उपकरणांच्या जोडीला पेटी लावली, तर नेमक्या त्या क्षणीं दाब खालीं येतो. पेटी सरळ भिंतीच्या प्लगांत लावून पाहावी आणि गेन थोडा उतरवावा. इतक्यानें न भागल्यास आंत कोठें तार सैल आहे किंवा शंकूचें वेटोळें जळत आलें आहे, असें समजावें.

तिसरी पेटी तास-दीड तास उत्तम चालते आणि मग थांबते. थंड झाली कीं पुन्हां चालते. ही उष्णतेची व्याधि. नाशिकची थंडी कितीहि नांवाजलेली असो, एप्रिल-मेंत पारा चाळिशीला भिडतो, आणि आपण पेटी शोभेसाठीं कपाटांत किंवा पडद्याआड कोंबतों. पाठीमागच्या धातूच्या पत्र्याला वारा मिळाला पाहिजे; भिंतीपासून वीतभर जागा सोडावी.

आणि जी पेटी वेळकाळ पाहत नाहीं, तिची परीक्षा अशी: संदेशाची तार काढून टाकावी, कळ ‘ऑन’वर ठेवावी आणि तासभर वाट पाहावी. तरीहि ती विझली, तर दोष तिच्या पोटांतच आहे. पुष्कळदां तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा असतो. हे आंतून सुकत जातात. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्यांचें आयुष्य निम्म्यावर येतें. पेटी निजली तरी पहारेकऱ्याचा विभाग रात्रंदिवस जागाच असतो, म्हणून तो आधीं म्हातारा होतो. भाग तसे स्वस्त असतात. पण पेटी स्वतः उघडूं नये. कित्येक पेट्यांत प्लग काढल्यावरहि कांहीं वेळ सुमारें ३२५ व्होल्टांचा दाब सांठून असतो, आणि तो प्राणघातक ठरूं शकतो. दुरुस्तीवाल्याकडे पेटी नेतांना एका चिठ्ठीवर लिहून न्यावें: किती मिनिटांनीं बंद पडली, आवाज तेव्हां मोठा होता कीं लहान, पत्रा हाताला किती तापलेला लागला आणि संदेशाची तार काढल्यावर काय झालें.