शिलकीच्या पैशातून जुनी मोटार

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीची मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत. दरबारच्या कारभाराबरोबर जमाखर्चाच्या नोंदीही त्यांत आढळतात. व्यंकोजीराजांच्या काळापासून या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही घरी मराठी बोलतात. पैसा हातातून गेला की त्याचा कागद व्हावा, ही जुनी शिस्त वापरलेली मोटार घेतानाही तितकीच उपयोगी आहे.

कुंभकोणम सुमारे चाळीस किलोमीटर, तिरुचिरापल्ली त्याहून थोडे दूर. वडीलधाऱ्यांना देवदर्शनाला किंवा डॉक्टरांकडे न्यायचे, तर घरची मोटार सोयीची वाटते. साठवलेल्या पैशातून जुनी गाडी घेतल्यास दरमहा हप्त्याचा भार राहत नाही, शिवाय पहिल्या काही वर्षांतील किमतीची मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. मात्र हा लाभ पदरात पडण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

किती रक्कम गुंतवावी?

सारी शिल्लक किमतीत घालू नये. समजा, जवळ चार लाख रुपये आहेत. अशा वेळी गाडीसाठी सव्वातीन लाखांपर्यंतच मजल ठेवावी. टायर, बॅटरी, विमा आणि नाव-बदलाचा खर्च उरलेल्या रकमेतून भागतो. मुदतठेवीची मुदत संपत आली असेल, तर ती मोडण्याऐवजी तिच्या तारणावर अल्पकाळ कर्ज घेणे कधी कधी स्वस्त पडते. दोन्हींचा हिशेब शाखेत विचारून घ्यावा.

रोख की बँकेमार्फत?

१ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. रक्कम तुकड्यातुकड्यांनी घेतली तरी व्यवहार एकच मानला जातो. नियम मोडल्यास घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. लहान रक्कमही धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात द्यावी. पुढे वाद उद्भवल्यास खातेउतारा हा खरेदीदाराचा भक्कम पुरावा ठरतो.

गाडीची पारख

ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा आणि गाडी दिवसाउजेडी, इंजिन थंड असताना पाहावी. चेन्नईत डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोठे पूर आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला झोडपले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून दूरच्या गावीही विकली जाऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग आहेत का, आसनाखालचे बोल्ट गंजले आहेत का, आत कुबट वास येतो का, हे तपासावे. इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवून पाहावेत. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिची किती वर्षे उरली, यावरही किंमत ठरते.

नाव लागेपर्यंत व्यवहार अपुरा

किल्ली हाती आली म्हणजे मालकी आली, असे नव्हे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. प्रमाणपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये.

जवळच्या कारैकालची गाडी स्वस्त मिळाली, तरी ती पुदुच्चेरीची नोंद आहे हे विसरू नये. तेथील ना-हरकत दाखला आणावा लागतो, तमिळनाडूचा कर भरावा लागतो आणि गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची, तर नवा क्रमांकही घ्यावा लागतो. भाव ठरवतानाच हा खर्च धरावा.

नाव-बदल विकणाऱ्याच्याही हिताचा आहे. २००७ मध्ये विकलेली व पुढे अनेक हातांतून गेलेली एक मोटार २००९ मध्ये अपघातात सापडली. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी त्याच नोंदणीकृत मालकावर टाकली.

विम्याचेही तसेच आहे. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी. दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाची असते, ती खरेदीदाराला मिळत नाही. विम्याचा नवा हप्ता त्यामुळे थोडा वाढतो.

ठरलेल्या किमतीचा काही भाग कागदपत्रे हाती येईपर्यंत राखून ठेवण्याचे उभयतांनी लेखी ठरवावे. वर्षानुवर्षे काटकसरीने साठवलेल्या पैशाचे खरे रक्षण अशा सावधपणानेच होते.