कौन्सिलाची बैठक आणि प्रांताची तिजोरी

नागपुरास विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन भरतें, तेव्हां भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील मंडळी आपापले अर्ज घेऊन तिकडे जातात. धानाचा भाव, तलावाची दुरुस्ती, शाळेस मास्तर, दवाखान्यास डॉक्टर, अशा त्यांच्या मागण्या असतात आणि त्या रास्तच असतात. परंतु ज्या तिजोरींतून हें सर्व यावयाचें, तिचा हिशेब अर्जदारानें क्वचितच वाचलेला असतो. हा हिशेब तपासण्याचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांस मुळींच नव्हता. पुढें तो मिळाला, तोहि अर्धाच; आणि त्या अर्ध्या हक्काचा उपयोग मध्यप्रांतांत १९२४ सालीं जसा झाला, तसा हिंदुस्थानांत फारच थोड्या ठिकाणीं झाला असेल.

मध्यप्रांताचें कायदेकौन्सिल प्रथम १९१४ सालीं भरलें. सभासदांनीं अंदाजपत्रकावर भाषण करावें, सरकारनें तें सभ्यपणें ऐकून घ्यावें आणि आंकडा होता तसाच ठेवावा, एवढाच त्या वेळचा प्रकार. १९१९ च्या कायद्यानें ७० सभासदांचें नवें कौन्सिल ठरविलें. त्यांत शेंकडा ७० तरी लोकनियुक्त असावेत असा नियम केला. मत मात्र मालमत्ता असणारांसच होतें. गरीब कुळांस नव्हतें, आणि स्त्रियांस तर आरंभीं मुळींच नव्हतें. खात्यांचेहि दोन भाग पाडले. जमीनमहसूल, पोलीस, तुरुंग, पाटबंधारे हीं राखीव खातीं गव्हर्नर व त्याचें कार्यकारी मंडळ यांचेकडे राहिलीं. शिक्षण, आरोग्य, शेती, अबकारी हीं सोपीव खातीं मंत्र्यांकडे आलीं. व्यापारी वाचकांस हें समजण्यास कठीण नाहीं. पेढीवर दोन भागीदार असावेत, गिऱ्हाइकाची तक्रार एकानें ऐकावी, आणि गल्ल्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेस असावी, तसली ही व्यवस्था.

गल्ला तरी केवढा? जकात, मीठ, आगगाडी, प्राप्तीवरील कर हें सर्व वरिष्ठ सरकारनें आपणाकडे ठेविलें. प्रांताकडे उरलीं मुख्य चार कलमें: जमीनमहसूल, अबकारी, जंगल आणि स्टांप, म्हणजे शेतकऱ्याचा सारा, मजुराची दारू, रानांतलें लांकूड आणि भांडणाऱ्यांचे कज्जे. याउपर लॉर्ड मेस्टन यांच्या कमिटीनें १९२० सालीं ठरविल्याप्रमाणें सर्व प्रांतांनीं मिळून वरिष्ठ सरकारास सालीना ९८३ लाख रुपये द्यावयाचे होते. पैकीं मध्यप्रांत-वऱ्हाडाचा वांटा २२ लाखांचा. मद्रासेच्या ३४८ लाखांपुढें हा आंकडा लहान दिसेल, पण आमच्या प्रांताच्या थैलीस तोहि जड होता.

१९२३ च्या निवडणुकींत स्वराज्य पक्षास येथें बहुमत मिळालें. डॉ. मुंजे प्रभृतींनीं मंत्रिपदें नाकारलीं. जानेवारी १९२४ मध्यें मंत्र्यांवर अविश्वासाचा ठराव पास झाला, आणि मार्चांत अंदाजपत्रक आलें तेव्हां कौन्सिलानें मागण्यांमागून मागण्या फेटाळल्या. मंत्र्यांचा पगार तेवढा मंजूर केला, किती? सालीना दोन रुपये! नागपूरच्या बाजारांत त्या दिवसांत यावर किती हंशा पिकला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

हंशाच्या पलीकडे जें झालें तें मात्र विचार करण्यासारखें आहे. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं कायद्यानें दिलेला अधिकार वापरून राखीव खात्यांचा खर्च आपल्या सहीनें मंजूर केला. पोलिसाचा पगार अडला नाहीं, सारावसुली थांबली नाहीं. सोपीव खात्यांना मात्र चालू काम चालविण्यापुरतेंच मिळालें. नवीन खर्चाच्या योजना मागें पडल्या. मंत्री गेले, आणि तींहि खातीं गव्हर्नरच्या हातीं गेलीं. म्हणजे सरकारास धडा शिकविण्याचा आघात उतरला तो सरकारच्या नव्हे, शाळेच्या व दवाखान्याच्या पाठीवर.

यावरून स्वराज्य पक्ष चुकला असें आम्ही म्हणत नाहीं. द्विदल पद्धति हें सोंग आहे, हें सोंगाचा मुखवटा ओढल्यावांचून जगास दिसलें नसतें, आणि तो मुखवटा या प्रांतानें ओढला. परंतु ज्या गांवच्या पोरांची शाळा त्या साली लांबली, त्यांस कोणी विचारलें होतें काय? त्यांच्या बापांस मतहि नव्हतें. पुढें ऑक्टोबर १९२५ मध्यें श्री. तांबे यांनीं कार्यकारी मंडळांत जागा पत्करली आणि पक्षांतच फूट पडली. १९२७ सालीं पुनः मंत्री आले. एवढ्या तेजाची एवढी लौकर राख व्हावी, याचें आम्हांस वाईट वाटतें.

अबकारीची गोष्ट तर याहून विचित्र. मोहाच्या दारूवर जो पैसा मिळे, तो प्रांताच्या त्याच थैलींत पडे, जींतून मास्तरांचा पगार निघे. दारू सोडा म्हणून सांगणाऱ्या सुधारकास शाळेच्या पैशाचें काय, असा प्रश्न तत्काळ विचारला जाई. १९३७ सालीं लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलें, १९३८ त दारूबंदीचा कायदा झाला, तरी तो प्रश्न सुटला असें कोणी म्हणूं नये. आजचे अर्थमंत्रीहि त्याचें उत्तर देतांना घसा खाकरतात.

आतां आपल्या जिल्ह्याचें घरचें कलम. कोहळी लोकांनीं बांधलेले तलाव हें भंडाऱ्याचें खरें भांडवल. १९५१ सालीं मालगुजारी गेली तेव्हां ते सरकारजमा झाले, आणि माजी मालगुजारी, म्हणून लोकांच्या तोंडीं 'मामा' तलाव, हें नांव त्यांस पडलें. पूर्वीं गाळ काढण्यास मालगुजार हुकूम सोडी व गांव राबे. आतां लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे राज्याच्या जलसंपदा खात्याकडे आहेत, आणि पाळ फुटली कीं अर्ज जातो. १९२४ सालीं पाटबंधाऱ्याचें खातें राखीव होतें, तेव्हां लोकांचा प्रतिनिधि हात झटकून मोकळा होऊं शके. आतां तें राखीव नाहीं. म्हणून यापुढें अर्ज घेऊन जाणाऱ्या मंडळींनीं आमदारास एवढेंच विचारावें कीं, गतवर्षीं तलावांकरितां किती रक्कम मंजूर झाली, त्यांतली किती खर्च पडली, आणि आमच्या गांवची पाळ त्या यादींत कोणत्या पानावर आहे.