गप्पीच्या टाकीवरचा दिवा घरीच बनवूया



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या रंगीत गप्पीच्या टाकीवर घरात पडून असलेली जुनी ट्यूबलाइट पत्र्याच्या पट्टीसकट आडवी ठेवलेली होती. पिल्लं वेगळी काढायला पाण्यात हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. सासूबाई ओरडल्या, "अगं, पान्यात करंट आलाय, हात काढ आधी!" पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. टाकीची वाफ पट्टीत शिरून वायर ओली झाली होती, एवढंच कारण. त्या दिवशी ठरवलं, पाण्यावर २३० व्होल्टचं काहीही ठेवायचं नाही. मग १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा दिवा घरीच केला. आता गटातल्या आणखी तिघींकडे तसाच दिवा आहे. तो कसा करायचा ते सांगते.

दिवा लागतो कशाला?

आपल्या शहरातल्या पाणचक्कीच्या हौदातले मासे सगळ्यांनी पाहिलेत. तिथे उघडं आभाळ आहे, उजेड आपोआप मिळतो. आपली काचेची टाकी मात्र घराच्या कोपऱ्यात असते. खिडकीच्या उन्हात ठेवली तर मे महिन्यात पाणी तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. म्हणून टाकी सावलीत आणि उजेड दिव्याचा, हेच बरं.

उजेडात पाणवनस्पती वाढतात, पाण्यातली घाण थोडी शोषून घेतात. त्यांच्या आडोशाला पिल्लं लपतात, नाही तर गप्पीची आईच आपली पिल्लं खाते! शिवाय गिऱ्हाईक रंग बघूनच मासा घेतं. अंधाऱ्या टाकीतला लाल मासा काळपटच दिसतो.

साहित्य

हे माप २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकीचं आहे. अशा टाकीत साधारण ४५ ते ५० लिटर पाणी बसतं.

- १२ व्होल्टची पांढरी एलईडी पट्टी, वरून सिलिकॉनचा थर असलेली. पाकिटावर ६५०० केल्विन, एका मीटरला ६० दिवे आणि १४.४ वॅट असं लिहिलेलं बघा.
- १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर.
- यू आकाराची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, २२ इंच लांब, अडीच-तीन इंच रुंद. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे तुकडे मिळतात.
- लाल-काळी वायर, स्क्रूचा डीसी जॅक, टाकीच्या काचा चिकटवतात तो सिलिकॉन.
- टाकीवर झाकायला ४ मिलिमीटरची काच, कडा घासलेली. खाणं टाकायला आणि हवेला एक कोपरा कापून घ्या.

पट्टीची गुंडाळी ५ मीटरची येते. एका दिव्याला १ मीटर १० सेंटिमीटर लागते. म्हणजे एका गुंडाळीत चार दिवे होतात. चौघींनी मिळून घ्या. सोल्डरिंगची इस्त्री गटात एकच असली तरी भागतं.

अ‍ॅडाप्टरचा हिशेब

हा हिशेब प्रत्येकीला जमला पाहिजे. १.१ मीटर गुणिले १४.४ वॅट म्हणजे जवळपास १६ वॅट. १६ भागिले १२ व्होल्ट, उत्तर सव्वा ते दीड अँपिअरच्या मधलं. त्यावर थोडी जागा ठेवून २ अँपिअरचा घ्यायचा. १ अँपिअरचा स्वस्त मिळाला म्हणून घेतला तर तो तापून जळतो. अ‍ॅडाप्टरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बघूनच पैसे द्या. घरच्या २३० व्होल्टपासून आपल्याला वेगळं ठेवणारी वस्तू तीच आहे. तिथे काटकसर नको.

कृती

१. अ‍ॅल्युमिनियम साबणाने धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसा. चिकटपणा राहिला की पट्टी आठ दिवसांत सुटून लोंबते.

२. एलईडी पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरला, कात्रीची खूण असते. तिथेच कापा. ५५ सेंटिमीटरचे दोन तुकडे करा.

३. दोन्ही तुकडे अ‍ॅल्युमिनियमच्या आतल्या बाजूला, मध्ये दीड इंच अंतर ठेवून चिकटवा. अ‍ॅल्युमिनियम दिव्यांची उष्णता ओढून घेतं. एलईडी लवकर खराब होतो तो बहुतेक उष्णतेनेच, म्हणून लाकडी फळीवर पट्टी लावू नका.

४. टोकाचा सिलिकॉन ब्लेडने थोडा सोला. अधिकच्या खुणेला लाल वायर, उण्याच्या खुणेला काळी वायर सोल्डर करा. दोन्ही तुकड्यांच्या लाल वायरी एकत्र, काळ्या एकत्र, आणि दोन्ही जोड्या डीसी जॅकच्या स्क्रूत. सोल्डरचा धूर नाकात जाऊ देऊ नका. ओसरीवर बसा, पोरं लांब ठेवा, नंतर हात धुवा.

५. आता लावून बघा. पेटला नाही तर लाल-काळी उलटी झाली असेल, बदला. तासभर चालू ठेवून अ‍ॅल्युमिनियमला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर काहीतरी चुकलंय, तपासा.

६. सगळं नीट असेल तर वायरच्या जोडांवर आणि पट्टीच्या चारही टोकांवर सिलिकॉन भरा. २४ तास वाळू द्या. घाई करू नका.

७. दिवा झाकणाच्या काचेवर पालथा ठेवा. चार कोपऱ्यांना सिलिकॉनचा ठिपका द्या, म्हणजे मांजराने धक्का दिला तरी सरकणार नाही. यूची दोन्ही टोकं उघडी ठेवा, हवा खेळू द्या.

हे विसरायचं नाही

दिवा १२ व्होल्टचा झाला तरी अ‍ॅडाप्टर २३० व्होल्टवरच असतो. तो टाकीच्या झाकणावर किंवा खाली जमिनीवर ठेवायचा नाही. टाकीपेक्षा उंच, भिंतीवरच्या सॉकेटात लावा. टाकीकडून येणारी वायर आधी खाली झोळासारखी सोडून मग वर न्या. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटात जाणार नाही. पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा आणि दिव्याचा, दोन्ही प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतलात तर करंट गळाला की तो क्षणात वीज तोडतो. हे काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

किती वेळ लावायचा?

पहिले पंधरा दिवस रोज ६ तास, पुढे ८ तास. जास्त उजेड म्हणजे मासे जास्त वाढतील, असं नाही. जास्त उजेडाने काचेवर हिरवं शेवाळ चढतं. माशाला पापणी नसते, डोळे मिटून घेता येत नाहीत. रात्री त्याला अंधार लागतोच. देवघराच्या दिव्यासारखा रात्रभर लावून ठेवू नका.

आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचं भिऊ नका, गप्पी आणि मॉली यांना ते मानवतं. पण झाकणाच्या काचेवर पांढरे डाग धरतात आणि उजेड अडतो. दर आठवड्याला काच उतरवून व्हिनेगरने पुसा, स्वच्छ धुऊन परत ठेवा.

खर्चाचं गणित

१६ वॅटचा दिवा रोज ८ तास लावला तर महिन्याला ४ युनिटच्या आसपास वीज लागते, अ‍ॅडाप्टरची थोडी धरून साडेचार. माझी जुनी ट्यूब चोकसकट ४५ वॅट घ्यायची, म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिट. एका टाकीचं हे, मग पाच टाक्यांचं तुम्हीच मोजा. गप्पी साधारण महिन्याला एकदा पिल्लं देते. तेव्हा दर महिन्याला वीज, खाणं आणि विक्री यांची नोंद वहीत ठेवा. धंदा आहे की हौस, ते वहीच सांगेल.

वहीत सलग सहा महिने नफा दिसला तर पुढचं पाऊल टाका. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाखांचं युनिट धरलेलं आहे आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे. अर्ज सध्या घेतात का, कागद कोणते लागतात, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. जाताना नोंदवही सोबत न्या.

पुढच्या बैठकीला मी गुंडाळी आणि इस्त्री घेऊन येते. जिला दिवा करायचाय तिने टाकीचं माप मोजून आणा, फूटपट्टीने, अंदाजाने नको. आणि ज्या ताईंच्या टाकीवर आज ट्यूबलाइट ठेवलेली आहे, त्यांनी बैठकीची वाट बघू नका. आज घरी गेल्या गेल्या आधी प्लग काढा आणि मगच ती उतरवा.