नावांचा जांगड धंदा कसा आवळला?

जांगड माल नेण्याची चाल आपल्या व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. माल खपला तर दाम, नाहीतर माल परत. इंटरनेटवरील नावांच्या बाजारातही अशीच सवलत आहे. डॉट कॉमचे नाव नोंदवून ५ दिवसांत रद्द केले, तर नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारला पैसे परत मिळतात. स्पेलिंग चुकले किंवा गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर नुकसान होऊ नये, हा हेतू.

सट्टेबाजांनी ही फट हेरली. लाखो नावे उचलायची, त्यांवर जाहिराती लावायच्या आणि न कमावणारी नावे मुदतीत परत करायची. भांडवल जवळजवळ शून्य! खऱ्या दुकानदाराला मात्र हवे ते नाव अडकलेले दिसे.

नियामक संस्था आयकानपुढे तीन मार्ग होते : सवलतच बंद करणे, आपले २० सेंट शुल्क परत न करणे, किंवा परताव्याला मर्यादा घालणे. पहिल्या मार्गाने प्रामाणिक चूकही महागात पडली असती. म्हणून २००८ मध्ये जादा रद्द नावांवर शुल्क बसले आणि १ एप्रिल २००९ पासून मर्यादा आली. महिन्यातील निव्वळ नव्या नोंदींच्या १० टक्के किंवा ५० नावे, यांपैकी मोठ्या आकड्यापलीकडे परतावा बंद. वर्षभराच्या आतच अशी रद्द नावे ९९.७ टक्क्यांनी घटली.

सवलत राहिली, फुकटचा सट्टा गेला. आपल्या बाजारपेठांतील संघटनांनीही उधारी-परतीचे नियम करताना हे ध्यानात घ्यावे.