बीदरहून पायी: सीमेवरच्या वाटांचा मागोवा

गावोगाव पायी जायचं तर आधी मुक्काम ठरतात, रस्ता मागून ठरतो. बीदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, अश्विनात तुळजापूर, दत्तजयंतीला माणिकनगर नाहीतर गाणगापूर. घरातलं कुणी ना कुणी पायी गेलेलं असतंच. या वाटा गेल्या सत्तर वर्षांत कशा बदलत गेल्या ते एकदा लिहून ठेवावं असं मनात होतं. निमित्त झालं पुतणीच्या फोनचं. ती नोकरीसाठी जर्मनीत असते. स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागोच्या वाटेवर मैत्रिणीबरोबर आठवडाभर चालायचा बेत तिनं आखला होता. "काका, तुम्ही दिंडीत चालता. रोज किती चालणं झेपतं?" मी विचारलं, "रात्री टेकायचं कुठं, ते ठरलंय का?"

आमच्याकडची ये-जा फार जुनी आणि दोन्ही बाजूंची. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बहामनी सरकारची धान्याची कोठारं रयतेला खुली केली, आणि त्याची भरपाई करायला खुद्द विठ्ठल विठू महाराच्या रूपात बीदरच्या दरबारी आला, ही कथा इथं पोराटोरांना तोंडपाठ असते. सगळं जग पंढरीला जातं, पण पंढरीचा देव आपल्या बीदरला आला, हे सांगताना म्हातारी माणसं अजून हात जोडतात. दुसरी कथा गुरुचरित्रातली: वैदूर्यनगरीचा, म्हणजे बीदरचा, मुसलमान राजा अंगावरच्या फोडानं हैराण होऊन गाणगापूरला नृसिंह सरस्वतींच्या पायाशी गेला. पुढं १८१७ साली बसवकल्याणजवळच्या लाडवंतीला जन्मलेले माणिकप्रभू हुमनाबादच्या शेजारी, आजच्या माणिकनगरात, स्थिरावले. त्यांनी पदं रचली ती मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदी-उर्दूतही. भाषेची हद्द अशी इथं कधी नव्हतीच.

हद्द आली ती १ नोव्हेंबर १९५६ ला. भाषावार प्रांतरचनेत निजामाच्या काळातला बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. सोयरिकी होत्या तिथंच राहिल्या, जिल्ह्याची कचेरी तेवढी परकी झाली. दिंड्यांनी मात्र आपले मुक्काम सोडले नाहीत. मुक्काम सरकारचे नव्हतेच, ते घराण्यांचे होते. अमुक गावात अमक्यांच्या वाड्यावर दुपारचा विसावा, तमुक गावात मारुतीच्या देवळात रात्र, आणि पंगत कुणाची तेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्या घरात सुतक आलं तर शेजारचं घर पंगत उचलायचं, पण दिंडी उपाशी पुढं जायची नाही. जुन्या माणसांच्या बोलण्यात वाटेवरच्या गावांची नावं येतात ती अशीच, तिथल्या घरांसकट. किती मैल चाललो हे त्यांना आठवत नाही. कुणाच्या ओसरीवर पाठ टेकली ते आठवतं.

बीदर ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या वरचं. दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटरचा टप्पा धरला तर पंधरवडा लागतो. मृगात पेरणी उरकायची, तूर-उडीद जमिनीत गेला की घर पोरांवर टाकून निघायचं, अशी शेतकऱ्याची मांडणी. पाऊस लांबला की निम्मी दिंडी गावातच अडकते. हे आजही तसंच आहे. निघण्याआधी भिशी भरायची, म्हणजे जेवणाखाण्याच्या खर्चातला आपला वाटा. विणेकरी, टाळकरी, पखवाजी ठरलेले. दोघं-तिघं रोज एक मजल पुढं जाऊन पाण्याची, सरपणाची, निजण्याच्या जागेची सोय बघून ठेवायचे. त्यांच्यावर सगळ्यांची भिस्त असायची.

खाणं तर या भागाला जणू चालण्यासाठीच मिळालंय. ज्वारीची नाहीतर सज्ज्याची, म्हणजे बाजरीची, कडक भाकरी: हातावर कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून पुरती वाळवायची. ती आठवडेच्या आठवडे टिकते. धडप्यात गुंडाळून पडशीत टाकली की ओझं म्हणून जाणवत नाही. वाटेत शेंगाची चटणी आणि दह्याबरोबर मोडून खायची, नाहीतर गरम वरणात चुरायची. वरण अर्थात आमच्याच मातीतल्या तुरीचं. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. आज दिंडीबरोबर गॅसच्या शेगड्या असतात, रोज ताजा स्वयंपाक होतो. तरी जुन्या बायका कडक भाकरीची चवड बरोबर घेतातच.

या वाटांवरचा सगळ्यांत मोठा घाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाचा. गणपती विसर्जन करून माणसं नुकती निजली होती. किल्लारी-सास्तूर भागातली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का बीदर-कलबुर्गीपर्यंत जाणवला. पुढं त्या गावांचं पुनर्वसन नव्या जागी झालं. रस्ते सरळ, घरं सुटी सुटी आणि मजबूत, जीव वाचवणारी; ती तशीच हवी होती. पण जाड भिंतींचे वाडे, त्यांच्या ओसऱ्या आणि पंगत वाढणारी कित्येक माणसं एका पहाटेत नाहीशी झाली. वाट बुजायला रस्ता खचावा लागत नाही, हे मला तेव्हापासून नीट कळलं.

त्यानंतरचा बदल सावकाश झाला आणि तो अजून चालू आहे. सोलापूर-हैदराबाद हमरस्ता, हल्लीचा राष्ट्रीय महामार्ग ६५, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद असा जातो. पूर्वी त्याच्या कडेच्या कडुलिंबांखाली, चिंचेखाली बैलगाड्या सोडलेल्या दिसायच्या. चौपदरीकरणात झाडं गेली. आता डांबराच्या कडेनं, ट्रकच्या वाऱ्याच्या झोतात चालावं लागतं. सामान टेम्पोत, पाणी टँकरमधून. म्हाताऱ्यांचे खांदे सुटले, ते चांगलंच झालं. पण टेम्पोला मोठा रस्ता लागतो, म्हणून टेम्पोमागं दिंडीही मोठ्या रस्त्यावर आली आणि आडवाटेची गावं सुटली. ज्यांच्या घरची पंगत पिढ्यान्‌पिढ्या चालत होती ते लोक आता फाट्यावर येऊन केळी आणि चहा वाटतात. त्यांच्या डोळ्यांतली चुटपूट मी पाहिली आहे.

पुतणीच्या कामिनोची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटली. सांतियागोची वाट मध्ययुगातली, पण विसाव्या शतकाच्या मध्याला ती जवळजवळ मोडली होती. ओ सेब्रेइरो या डोंगरातल्या गावाचे पाद्री एलियास वालिन्या यांनी जुनी वाट शोधून काढली आणि १९८४ पासून तिच्यावर पिवळ्या रंगाचे बाण काढत नेले. १९८७ मध्ये युरोप परिषदेनं तिला आपला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९८६ मध्ये वाट पुरी केल्याचा दाखला घेणारे अडीच हजारांच्या आसपास होते. २०२३ मध्ये ते चार लाखांच्या वर गेले. दाखल्यासाठी शेवटचे निदान शंभर किलोमीटर पायी जावं लागतं आणि मुक्कामोमुक्कामी शिक्के घ्यावे लागतात. म्हणजे तिथंही मोजदाद मुक्कामांचीच. फोड आले तर सुईदोऱ्यानं पाणी काढायची जुनी तऱ्हा तिथंही आहे, असं पुतणीनं कळवलं. डॉक्टर मात्र दोरा आत ठेवू देत नाहीत, जंतू शिरतात म्हणून. हे आमच्या दिंडीतल्या लोकांनीही ऐकायला हवं.

तिचा बेत आम्ही फोनवरच पक्का केला. पहिल्या दिवशी पंधराच किलोमीटर. ओझं अंगाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. पायताण नवं नको, महिनाभर वापरलेलं हवं. सूर्य तापायच्या आत निम्मी वाट मागं टाकायची, आणि पुढच्या मुक्कामाच्या माणसाशी आदल्या दिवशी बोलून ठेवायचं. यातलं नवं काहीच नाही, आमच्या विणेकऱ्यानं हेच सांगितलं असतं. फरक एवढाच की तिथं दोघीच असल्या तरी निर्धास्त जाता येतं, कारण प्रत्येक वळणावर बाण आहे. आमच्याकडे दिंडीचा आधार सोडून दोन बायका बीदरहून तुळजापूरला निघाल्या, तर वाट सांगणारं असं काहीही नाही.

२०२० मध्ये सगळंच थांबलं. देशातला करोनाचा पहिला मृत्यू मार्चमध्ये कलबुर्गीतच झाला आणि राज्यांच्या सीमांवर नाके बसले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी संतांच्या पादुका बसनं पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये वाटा पुन्हा उघडल्या, तेव्हा काही गावांत मुक्काम देणारी वडीलधारी माणसं उरली नव्हती, आणि त्यांच्या मुलांना विचारणारं कुणी गेलं नव्हतं.

आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणात वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट धरली आहे; नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या कामाची पायाभरणी झाली. आनंदच आहे. पण पंढरपूरला काही सगळे आळंदीहूनच येत नाहीत. बीदर-कलबुर्गीकडून येणाऱ्या वाटांसाठी इतका खर्च लागणारही नाही. गावनकाशांत गाडीवाटा आणि पाऊलवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. त्या नकाशांवरून महामार्ग टाळणारी वाट जोडता येईल, दर मुक्कामाच्या शाळेत नळ आणि संडास नीट करता येतील, आणि वळणांवर चुन्याचे का होईना, पण पट्टे ओढता येतील. आमच्या दिंडीतल्या काहींनी तलाठ्याकडून दोन-तीन गावांचे नकाशे मिळवले आहेत. पेरणीआधी बसवकल्याणपासून उमरग्याच्या दिशेनं चालत जाऊन, जुन्या घरांची दारं वाजवून, पंगतीचं विचारायचं ठरलं आहे.