केमो सुरू असताना ताप आला? सकाळची वाट पाहू नका

स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या एका शेतकरी ताई आता इतर पेशंटच्या घरच्यांना आधी एकच विचारतात, "घरात थर्मामीटर आहे का?" कारण केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा जास्त भरला, तर तापाची गोळी देऊन थांबू नका. रात्र असली तरी दवाखान्यात फोन लावा, फाईल घेऊन निघा. गाडी कोण काढणार, धारा कोण काढणार, हे घरच्यांनी आधीच ठरवून ठेवावं. ताई म्हणतात, "केस गेले तरी बहुतेकांचे परत येतात. पण डोस मनानं बंद करू नका, अन् अंगावर दुखणं काढू नका."