‘आठवतं’ आणि ‘माहीत आहे’: इंग्रजीत लिहिताना माझी झालेली गडबड

बस स्टॉपवर पोहोचल्यावर मनात येतं, गॅस बंद केला ना? याची उत्तरं दोन प्रकारची असतात. एक, ‘हो, नॉब फिरवला, डोळ्यांसमोर दिसतंय.’ दुसरं, ‘केला असणारच, रोज करते की!’ तुम्ही निर्धास्त दोन्हींनी होता, पण मनात घडतं ते वेगळं.

एन्डेल टुल्विंग या मानसशास्त्रज्ञाने 1985 साली हाच फरक मोजायची पद्धत मांडली. आधी दाखवलेला शब्द ओळखला की सांगायचं: तो पाहिल्याचा क्षण परत जगता आला तर ‘रिमेम्बर’, क्षण आठवत नाही पण शब्द यादीत होता हे कळतं तर ‘नो’.

माझी अडचण इथेच झाली. एका मुलाखतीत आजी म्हणाल्या, ‘माझ्या बारशाला धो धो पाऊस होता, आठवतंय ना!’ मी भाषांतर केलं: ‘आय रिमेम्बर इट रेनिंग.’ म्हणजे पाऊस त्यांनी स्वतः अनुभवला आणि तो त्यांना आठवतो! बारशाचा? ती गोष्ट त्यांनी आईकडून ऐकलेली. तिथे हवं होतं ‘आय नो इट रेन्ड.’ आपलं ‘आठवतं’ दोन्हीकडे चालतं, आणि मी सगळीकडे ‘रिमेम्बर’ लिहीत गेले. ऐकीव गोष्टी अनुभवाच्या खात्यात जमा झाल्या, आणि सगळ्या मुलाखती पुन्हा ऐकाव्या लागल्या.

तुम्हीही इंग्रजीत लिहीत असाल, तर हे लक्षात ठेवा:

• ‘आय रिमेम्बर टर्निंग ऑफ द गॅस’: बंद केल्याचा प्रसंग आठवतोय.

• ‘आय रिमेम्बर दॅट आय टर्न्ड इट ऑफ’: बंद केला ही गोष्ट लक्षात आहे. प्रसंग डोळ्यांसमोर असेलच असं नाही.

• ‘आय रिमेम्बर्ड टु टर्न इट ऑफ’: बंद करायला विसरले नाही. इथे आठवण आधी, काम नंतर.

• ‘मला माहीत होतं’ला ‘आय न्यू’ पुरतं, ‘आय वॉज नोइंग’ नको. पण ‘मला काल कळलं’ म्हणजे ‘आय फाउंड आउट’. तिथे ‘आय न्यू’ लिहिलंत, तर कळण्याचा क्षणच गायब होतो.

एक गंमत सांगते. खुद्द इंग्रजी बोलणारेही गोंधळतात. रोजच्या बोलण्यात ‘आय नो’ म्हणजे पक्की खात्री, म्हणून प्रयोगात सहभागी लोक खात्री असली की ‘नो’ निवडू शकतात. त्यामुळे काही संशोधकांनी हे शब्दच टाळून ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ अशी नावं वापरून पाहिली.

मी आता मराठीतच एक जादा प्रश्न विचारते: ‘तुम्ही स्वतः पाहिलेलं आठवतंय, की कुणी सांगितलेलं?’ क्रियापद त्यानंतर निवडते. आजींना विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, आईनं इतक्यांदा सांगितलंय, आता मलाच दिसतो तो पाऊस!’

हे वाक्य कुठल्या खात्यात टाकायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?